धाप लागणाऱ्यांचं मैदान

आमचे हे तरुणपणी फुटबॉल खेळायचे. कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉलचं वेड, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. पण लग्न ठरवताना मध्यस्थाने माझ्या वडलांना मुलाची ओळख करून दिली तीच मुळी "पोराच्या पायात लई जोर हाय" अशी. नोकरीचं त्याने मागाहून सांगितलं. नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत होती.

फौंड्रीत वाळूचे साचे करतात, त्यात वितळलेलं लोखंड ओततात आणि थंड झालं की साचा फोडून आतला भाग बाहेर काढतात. त्याला जळकी वाळू चिकटलेली असते. ती ग्राइंडरने घासून काढायचं काम ह्यांचं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तेच केलं. तोंडाला रुमाल बांधायचा, बास. घरी आले की पापण्यांवर, कानांमागे, नखांच्या कडांना करडी पूड असायची. मी त्यांचा शर्ट परसात झटकायचे आणि मग भिजत घालायचे. मी स्वतः दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, दिवसभर दुधाचे नमुने तपासायचे. संध्याकाळी ह्यांच्या शर्टाचं पहिलं पाणी ओतलं की मोरीत काळा ओघळ जायचा, आणि मला त्यात वावगं काही वाटायचं नाही. आमच्या ओळखीच्या सगळ्यांच्याच घरी तसा जात होता.

दम लागतोय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते जोतिबाला. दर्शन घेऊन देवळातून परत वर गाडीतळाकडे येताना हे मध्येच पायरीवर बसले. "तू हो म्होरं, मी आलोच," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी पुढे हो म्हणालेले नव्हते. नेहमी मीच मागे राहायचे आणि हे वर जाऊन हाका मारायचे. मी दोन पायऱ्या चढले आणि मागे वळून पाहिलं, तर तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते.

आधी टीबी म्हणून औषध झालं. पूर्ण कोर्स केला. वजन उतरत गेलं, खोकला वाढत गेला. मग एका मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "हा टीबी नव्हताच. फुफ्फुसात वाळूची धूळ बसली आहे. सिलिकोसिस म्हणतात."

ह्यांनी विचारलं, "काढता येती का?"

"नाही."

"मग वाढायची थांबती का?"

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "काम आजपासून बंद करा."

कारखाना तोवर दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता. हे एकदा गेटपर्यंत जाऊन आले. नवीन साहेब म्हणाले, आमच्याकडे येण्याआधीचं आम्हाला काही माहीत नाही. त्यानंतर हे त्या बाजूला गेले नाहीत. खिडकीत खुर्ची टाकून बसायला लागले. आमची कॉलनी नदीच्या अंगाला, सखल भागात. खिडकीसमोर सोसायटीची मोकळी जागा होती, तिच्यात कमरेएवढं काँग्रेस गवत, लग्नाच्या मांडवांचा उरलेला कचरा आणि फुटक्या टाइल्स. दिवसभर हे त्या गवताकडे बघत बसायचे. जेवायला हाक मारली तर चिडायचे. कुणी भेटायला आलं तर आत जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायचे, कारण बोलायला लागलं की खोकला यायचा आणि खोकला आला की पाहुण्यांचे चेहरे बदलायचे.

समोरच्या घरात अण्णा राहायचे. मूळचे जयसिंगपूरचे, जैन. तिथे त्यांचं बी-बियाण्याचं मोठं दुकान होतं. बायको गेल्यावर दुकान पुतण्याला देऊन ते कोल्हापुरात येऊन एकटेच राहिले होते. मुलगी न्यूझीलंडला. तिच्याकडे काही महिने राहून ते परत आले ते एक जड पिशवी घेऊन. सरळ आमच्याकडे आले आणि पिशवीतून काळे, गुळगुळीत गोळे काढून फरशीवर ठेवले. नारळाहून थोडे लहान, पण उचलायला गेलं तर हात खाली जायचा.

"हे काय आणि?" ह्यांनी विचारलं.

"लॉन बोल्स. तिकडं गावोगाव क्लब हायती ह्याचे. सगळी आपल्या वयाची माणसं. एक पांढरा बारका चेंडू लांब टाकायचा आणि आपला गोळा त्याच्याजवळ न्यायचा. ज्याचा जवळ, तो जिंकला."

"गोट्याच की मग."

"गोट्याच. पर गोळा सरळ जात न्हाय. एका बाजूला भरीव केल्यागत असतोय, शेवटाला वळण घेतोय. ते हिशेबात धरून टाकायचं." मग अण्णा जरा थांबून म्हणाले, "पळायचं न्हाय. उडी न्हाय. चालायचं, वाकायचं, सोडायचा."

ह्यांना ते शेवटचं वाक्य लागलं. "अण्णा, मी फुटबॉल खेळलेला माणूस हाय. गोट्या तुम्हीच खेळा," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

अण्णा खरंच खेळायला लागले. रोज सकाळी मोकळ्या जागेत थोडं गवत उपटायचे आणि एकटेच गोळा टाकायचे. गोळा चार हातांवर जाऊन टाइलला अडायचा. अण्णा जायचे, उचलून आणायचे, परत टाकायचे. येणारी-जाणारी माणसं हसायची. हे खिडकीतून बघायचे आणि तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे. एक दिवस चहा अर्धा सोडून उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. मी दारात उभी राहिले. कुंपणापाशी पोचून त्यांनी आधी श्वास गोळा केला आणि मग ओरडले, "अवो अण्णा, असल्या दगडात गोळा जाईल व्हय? आधी जागा तर साफ करा की!"

कित्येक महिन्यांनंतर त्यांचा मोठा आवाज मी ऐकला. पुढे बराच वेळ ते खोकत राहिले, पण घरात आले नाहीत.

जागा साफ करायला माणसं कोण आणणार? ह्यांनी फौंड्रीतल्या जुन्या सोबत्यांना बोलावलं. एक साचे करणारा, त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. एक साचे फोडणारा. एक क्रेन चालवणारा, जो वर बसायचा आणि खालची सगळी धूळ वर चढताना गिळायचा. आणखी काहीजण. बहुतेक सगळे घरी बसलेले. काहींना आजाराचं नाव ठाऊक होतं, काहींना अजून टीबीच वाटत होता. ते आले ते खुरपी घेऊन, आणि पहिल्या दिवशी गवत उपटण्यापेक्षा शेवग्याच्या झाडाखाली बसून दम खाण्यातच जास्त वेळ गेला. एकाला धाप लागली की बाकीचे आपोआप हात थांबवायचे. तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. घरी मी ह्यांना "हळू, हळू" म्हणत असे आणि हे खेकसत. तिथे तसं कुणी म्हणत नव्हतं, आणि तरी सगळे हळूच चालत होते.

अण्णांनी न्यूझीलंडमध्ये बघून घेतलं होतं की मैदानाच्या गवताखाली वाळूचा थर लागतो, म्हणजे पाणी झिरपतं आणि जमीन सपाट राहते. नदीची वाळू मिळणं अवघड झालेलं. साचे फोडणारा सहज म्हणाला, "शिरोलीत फौंड्रीच्या मागं जळक्या वाळूचे डोंगर पडल्यात. सांगितलं तर गाडी भरून आणून टाकतील, त्यांची ब्याद जाईल."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. अण्णांनाही पटलं. ह्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"ती वाळू इथं येणार असंल तर मी निघालो."

"अरं, मातीखाली गाडायची हाय ती. वर गवत येणार."

"आत हाय तेवढी बास की." ह्यांनी स्वतःच्या छातीवर हात आपटला. "आणि किती गाडायची?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी खडीच्या क्रशरवरून दगडाचा चुरा मागवला. तो पसरायच्या आधी ह्यांनी पाइप लावून तो चिंब भिजवला, आणि भिजेपर्यंत कुणालाही फावडं लावू दिलं नाही.

हरळी आम्ही बायकांनी लावली. मिस्त्रींची बायको, मी, शेजारच्या दोघी. तुकडे तुकडे करून ओळीने, गुडघ्यांवर बसून. क्रेनवाल्याने सिमेंटच्या नळीत काँक्रीट भरून रोलर तयार करून घेतला. तो ओढायला मात्र सगळ्यांना मिळून जमायचं नाही, म्हणून रस्त्याने जाणाऱ्या कुणाही दांडग्या माणसाला हाक मारायची: "पावणं, जरा दोन चकरा मारा की!" पावसाळा गेला आणि हिरवं झालं. हे सकाळी उठून खिडकीत न बसता तिथे जाऊन बसायला लागले. गवताला पाणी घालायचे, खडे वेचायचे. खेळ सुरू व्हायच्या आधीच ते त्या जागेचे झाले होते.

खेळ सुरू झाला तेव्हा आमच्याकडे अण्णांचेच तेवढे गोळे होते. आळीपाळीने टाकायचे. मग पुण्याच्या एका क्लबाने जुने गोळे दिले, तेव्हा दोघादोघांच्या जोड्या लावून डाव होऊ लागले. दोन्ही टोकांना खुर्च्या ठेवल्या होत्या. गोळा टाकून पलीकडे चालत गेलं की बसायचं. नियम अण्णांनी मराठीत लिहून दिले होते, पण एक नियम लिहिलेला नव्हता. कुणाला खोकल्याची उबळ आली की डाव थांबायचा आणि बाकी सगळे दुसरीकडे बघायचे. आकाशाकडे, झाडाकडे, कुठेही. उबळ सरली की तो माणूस तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "कुणाची पाळी?" आणि खेळ पुढे चालू.

मी चहा घेऊन जायचे, बस, तेवढंच. एका रविवारी एक गडी कमी पडला. अण्णा म्हणाले, "अक्का, तुम्ही टाका."

"मला काय येतंय?"

"दूध मापताना हात हलत न्हाय न्हवं तुमचा? मग झालं."

पदर खोचून मी वाकले. गोळा लांब गेला, उजवीकडे भलतीकडेच चाललाय असं वाटलं, आणि मग हळूच वळून पांढऱ्या चेंडूच्या कुशीत जाऊन थांबला. मी तिथेच उभी राहिले. हे खुर्चीत बसून माझ्याकडे असे बघत होते, जशी मी कुणी दुसरीच बाई आहे. घरी येताना म्हणाले, "पुढच्या रविवारी माझ्या इरुद्ध न्हाय खेळायचं." आणि हसले. दुसऱ्याच रविवारी मी त्यांच्याविरुद्ध खेळले आणि हरले.

मग बायका आल्या. मिस्त्रींची बायको आली, शेजारणी आल्या. कॉलनीबाहेरचे लोक आले, गुडघे दुखणारे, साखर असणारे, बायपास झालेले. क्रेनवाल्याने क्लबाची पाटी रंगवली. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात फौंड्रीवाले सगळे मागच्या ओळीत, खुर्च्यांवर बसलेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल की काय छान म्हातारपण घालवतायत. त्यातला एकही माणूस साठीला पोचलेला नव्हता.

पहिले मिस्त्री गेले. एका सकाळी धाप लागली म्हणून डाव अर्धा सोडून घरी गेले, आठवड्यात वारले. स्मशानात फौंड्रीवाले एका बाजूला उभे होते. कुणी रडत नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या छातीकडे बघत होता, वर-खाली किती होतेय ते. मीही ह्यांच्याकडे तसंच बघत होते.

आठवडाभर मैदान बंद राहिलं. मग ह्यांनीच सगळ्यांना निरोप धाडले. जमल्यावर विचारलं, "मिस्त्रीच्या जागी कोण?" कुणाला ते फार कठोर वाटलं. साचे फोडणारा तर म्हणाला, "लाज हाय का तुला?" हे म्हणाले, "डाव अर्धा ठेवून गेलाय तो. न्हाय पुरा करायचा?" मिस्त्रींची बायको पांढऱ्या चेंडूपाशी बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "मी हाय की." नवऱ्याचा दहावाही झाला नव्हता. कॉलनीत बायका तिच्याबद्दल पुष्कळ दिवस बोलत राहिल्या. ती रविवार चुकवत नव्हती.

त्यानंतर साचे फोडणारा गेला. मग आणखी एक. कोरोनात तर आमच्यातले दोघे दवाखान्यात गेले ते परत दिसलेच नाहीत. मैदानावर नवी माणसं येत राहिली, त्यामुळे गर्दी कमी झालेली कुणाला दिसली नाही. क्लब वाढतच होता. फक्त खोकणारे कमी होत चालले होते.

ह्यांना तोवर ऑक्सिजन लागला होता. घरी विजेवर चालणारं यंत्र, बाहेर जाताना छोटा सिलिंडर. तो चाकाच्या गाडीवर बांधून हे मैदानावर यायचे. नाकात नळी. पुण्याच्या ज्या क्लबाने गोळे दिले होते, ते लोक एकदा मॅच खेळायला आले. पांढरे कपडे, पांढरे बूट. फार सभ्य माणसं. ह्यांच्याशी ज्या गृहस्थांची गाठ पडली, त्यांनी ह्यांची नळी बघितली आणि गोळे मुद्दाम पांढऱ्या चेंडूपासून लांब टाकायला सुरुवात केली. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्यांच्या आलं. ते दोन डाव तसेच खेळले, मग खुर्चीतून उठले.

"अवो पावणं, नीट टाका की!"

ते गृहस्थ गोंधळले. "मी... नीटच टाकतोय."

"न्हाय. पोराबरोबर खेळल्यागत खेळायलाय तुम्ही." श्वास घ्यायला ते थांबले. सगळं मैदान थांबलं होतं. "मी अजून मेलो न्हाय. हरवायचं तर हरवा."

त्या गृहस्थांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मग खरंच खेळले. हे सपाटून हरले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला गोडाचं करायला सांगितलं. इतके खुशीत मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. दर दोन-चार वर्षांनी नदी कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत यायची, तेव्हा सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. या वेळी ती थांबली नाही. मैदानाच्या कडेच्या चरात पाणी आलं, मग गवतावर, मग आमच्या पायरीवर. वीज बंद केली. यंत्र बंद पडलं. हातात होते तेवढे सिलिंडर. माझा भाऊ गावात उंचावर राहतो, त्याच्याकडे जायचं ठरलं. सकाळी बोट आली. ह्यांना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं, सिलिंडर मी मांडीत धरला. समोरून अण्णांनाही घेतलं.

बोट मैदानावरून गेली. शेवग्याचं झाड अर्धं पाण्यात होतं. बाकी नुसतं लाल पाणी. ह्यांनी नळी बाजूला केली आणि विचारलं, "गोळ्यांची पेटी काढली का?"

पेटी मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि शेड पाण्याखाली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "काढली. वर माळ्यावर ठेवलीय." हे डोळे मिटून बसले.

शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता. पुण्याकडून काही येत नव्हतं, सिलिंडरच्या गाड्याही नाहीत. भावाच्या घरून ह्यांना दवाखान्यात नेलं. तिथली माणसं आपल्या परीने धावत होती, पण एकेका खाटेवर कुणी ना कुणी श्वासासाठी झगडत होतं. एका दुपारी त्यांचा हात माझ्या हातात होता. छाती वर यायची आणि तिथेच थबकायची, मग फार वेळाने खाली जायची. मी नकळत तिच्याबरोबर श्वास घेत होते. एकदा ती खाली गेली आणि वर आली नाही. मी मात्र श्वास घेऊन बसले होते, तो सोडायचं सुचेना.

नदीकाठचं स्मशान पाण्यात होतं. दुसरीकडे न्यावं लागलं आणि तिथेही रांग. भाऊ, अण्णा, क्रेनवाला आणि मी. एवढेच. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की भटजींचं काही ऐकू आलं नाही. क्रेनवाला फौंड्रीवाल्यांतला शेवटचा उरला होता. तो भिंतीला टेकून उभा होता आणि कुणी त्याच्या छातीकडे बघू नये म्हणून त्याने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

पाणी उतरल्यावर मी घरी आले. भिंतींवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ. मैदानावर हातभर गाळ, त्यात मेलेले मासे, कुणाची तरी गादी, प्लॅस्टिक. वास असा की पदर नाकाला लावूनच फिरावं लागायचं. अण्णा म्हणाले, "अक्का, सोडून देऊ या. माझ्यानं आता व्हत न्हाय." घर साफ करायचं पडलं होतं. पण रोज सकाळी खिडकी उघडली की तो गाळ दिसायचा, आणि एक दिवस मी फावडं घेऊन बाहेर गेले. दुःख हलकं करायला म्हणून नाही. मला ते बघवत नव्हतं एवढंच. थोड्या वेळाने मिस्त्रींची बायको घमेलं घेऊन आली. ती भरायची, मी ओतून यायचे. नंतर बाकीच्या आल्या. पेटी शेडच्या कोपऱ्यात गाळात रुतलेली सापडली. गोळे धुतले, ते जसेच्या तसे होते.

हिवाळ्यात हरळी ठिकठिकाणी फुटली. रोलर फिरवला. पण जमीन पहिल्यासारखी सपाट झाली नाही, एका बाजूला कायमची खचली. गोळा टाकला की तो स्वतःचं वळण सोडून उताराकडे जातो. आम्ही त्याची सवय करून घेतली.

अण्णांना मुलगी येऊन घेऊन गेली. जाताना ते मैदानावर आले नाहीत, घरातूनच हात केला. फोन येतो कधीमधी. तिकडच्या क्लबात जाऊन बसतात, खेळत नाहीत. "इथं कुणी खोकत न्हाय, अक्का. लई सुनं वाटतंय," म्हणाले एकदा.

गेल्या वर्षी सोसायटीने ठराव केला की जागेत सभागृह बांधायचं. नवीन सभासद पुष्कळ झालेत, त्यांना बारशी-साखरपुड्याला हॉल हवा. मी बैठकीत उठून बोलले. मिस्त्रींची बायकोही बोलली. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक गृहस्थ म्हणाले, "काकू, तुमच्या भावना आम्हाला कळतात," आणि मग मतदान झालं. आमच्याकडे एक पट्टी राहिली, खचलेल्या बाजूची. एका वेळी एकच डाव होतो. क्लब आहे. पाटीही आहे. रविवारी आम्ही चार-पाचजणी. सुरुवातीला क्रेनवालाही.

बांधकाम भिंतींपर्यंत आलं तोवर तो यायचा. एका रविवारी हॉलच्या फरशा कापायला सुरुवात झाली. कापायचं यंत्र कोरडंच चालत होतं. पांढरा धुरळा उठला आणि वाऱ्याने आमच्या पट्टीवर आला. क्रेनवाला वाकला होता, हातात गोळा. त्याने वर बघितलं, गोळा न टाकता गवतावर ठेवला आणि चालू लागला. मी हाक मारली. त्याने मागे न बघता हात हलवला.

मी हॉलकडे गेले. फरशी कापणारा तिशीचा असेल. तोंडाला रुमाल. पापण्या पांढऱ्या झालेल्या. यंत्र थांबवून त्याने विचारलं, "काय पायजे, मावशी?"

"पाणी टाकून काप की, बाबा. धूळ छातीत जाती."

तो हसला. "सवय हाय आम्हाला."

"सवयीचं न्हाय रे हे. माझा मालक गेला ह्याच्यानं."

त्याचं हसू गेलं. मागून मुकादम ओरडला की काम का थांबलंय. मी गवताला पाणी घालायचा पाइप ओढत आणला आणि फरशीवर धरला. तो कापत राहिला, मी पाणी सोडत राहिले. धुरळा राखाडी चिखल होऊन खाली वाहत गेला, वर उडाला नाही. हात भरून आला तेव्हा मिस्त्रींच्या बायकोने पाइप घेतला. दुपारपर्यंत आम्ही आळीपाळीने तेच केलं. त्या दिवशी खेळलो नाही. जाताना त्याला सांगितलं, पाइप इथंच ठेवते, उद्यापण लाव.

"लावतो, मावशी," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी आवाजाने मी खिडकीशी गेले. पाइप कठड्यावर गुंडाळून ठेवलेला होता आणि हॉलच्या दारातून पांढरा लोट बाहेर पडत होता. मी चप्पल घातली आणि पायऱ्या उतरले.